माणिकबाईंची झोप

माणिकबाईंना झोप कधी बोलवावी लागली नाही. संध्याकाळचे आठ वाजले की ती आपली आपण येते आणि बाई असतील तिथे त्यांना गाठते. लग्नाच्या पंगतीत गाठते, कीर्तनात गाठते. सख्ख्या पुतणीच्या हळदीत तर हातात हळदीची वाटी असताना तिनं गाठलं, आणि वाटी खाली पडली तरी बाई जाग्या झाल्या नाहीत. लोक हसतात. मीही हसलो आहे. पण जिचा दिवस रात्री दोनला सुरू होतो, तिला आठला झोप येणार नाही तर काय येईल?

माझे गणिताचे क्लासेस राजापेठेत पहिल्या मजल्यावर आहेत, आणि जिन्याच्या तोंडाशी माणिकबाईंचं भाजीचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार फळ्या, वर ताडपत्री, एक काटा आणि भाजीवर मारायला पाण्याचा डबा. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या विद्यार्थ्यांनी आपल्या गाड्या नेमक्या त्यांच्या वांग्यांपुढे लावल्या आणि बाई थेट जिना चढून वर्गात आल्या. मी फळ्यावर समीकरण सोडवत होतो. त्या म्हणाल्या, "सर, तुमचं गणित होत राहील, आधी माह्या गिऱ्हाइकाले रस्ता करून द्या." मला राग आला होता. अजूनही आठवला की थोडा येतो. पण आमची ओळख त्या भांडणातूनच झाली.

रात्री दोनला उठायचं, तीनला भाजीबाजारात हर्रासाला उभं राहायचं, असा त्यांचा नेम. शेतकऱ्यांनी आणलेल्या मालाचे ढीग लागलेले असतात, अडत्या मोठ्यानं बोली लावत असतो आणि घेणारे भोवती कोंडाळं करून उभे. तिथे कोणी बसत नाही. पापणी लवली की चांगला ढीग दुसऱ्याच्या टोपल्यात गेलाच समजा. बाईंची नजर अशी की वरून हिरवीगार दिसणारी मेथीची जुडी खालून पिवळी पडली आहे, हे त्यांना चार पावलांवरून कळतं. एकदा उत्सुकतेपोटी मी त्यांच्याबरोबर हर्रासाला गेलो होतो. मला झोप अनावर झाली होती आणि बाई बंदुकीतल्या गोळीसारख्या ताज्या होत्या. सहाला माल घेऊन राजापेठ, रात्री सातपर्यंत विक्री, मग घरी भाकर, आणि आठला झोप. नवरा गेला तेव्हा मुलगी वर्षाली सहावीत होती. तेव्हापासून आजपर्यंत यात एक दिवस खाडा नाही.

वर्षाली माझ्याच क्लासला होती. बीजगणितात यथातथाच, पण माझी नक्कल अशी करायची की पोरं बाकावरून खाली पडत. मी एकदा दाराआडून पाहिली. खडू कानावर ठेवून, चष्मा नाकावर ओढून, "हे का एवढं अवघड आहे?" असं माझ्याच चिडक्या आवाजात ती म्हणत होती. मी तिला वर्गाबाहेर काढलं आणि मग जिन्यात उभा राहून एकटाच हसलो.

चार वर्षांपूर्वी अमरावतीतच कॉलेजांच्या एकांकिका झाल्या. वर्षालीच्या एकांकिकेला नंबर लागला रात्री नऊचा. तिनं आईसाठी पहिल्या रांगेत मधोमध खुर्ची राखून ठेवली. बाई नवं लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून, साडेसातलाच जाऊन बसल्या. पुढचं सांगायला नको. वर्षालीच्या तोंडी एक वाक्य होतं, त्याआधी स्टेजवर शांतता हवी होती. त्या शांततेत पहिल्या रांगेतून घोरणं ऐकू आलं. सभागृह हसलं. पोरीनं वाक्य म्हटलं, नाटक संपवलं, बक्षीसही मिळवलं. पण त्यानंतर ती आईशी नाटकाबद्दल एक अक्षर बोलली नाही. शिक्षण संपलं, ती पुण्याला गेली, दिवसा कुठे नोकरी करू लागली आणि बाकीचा वेळ नाटकात. दर रविवारी फोन यायचा. जेवली का, गुडघा कसा आहे, थंडी पडली का. नाटकाचं नाव नाही.

त्या रात्रीचा आणखी एक तुकडा आहे. तो मला बाईंनी गेल्या डिसेंबरात सांगितला, तोपर्यंत कोणालाच सांगितला नव्हता.

झालं असं, की त्यांच्या शेजारच्या फळांच्या गाडीवर इनायतुल्लाभाई बसतात. मोर्शीकडची संत्री, केळी, हंगामात सीताफळं. अमरावतीत संत्र्याला दर्दी गिऱ्हाईक कसं पटवावं, हे त्यांच्याकडून शिकावं. भाईंची मुलगी गजाला लग्न होऊन पुण्याला असते. तिनं एका नाटकाची जाहिरात भाईंच्या मोबाइलवर पाठवली. जाहिरातीत खाली बारीक अक्षरांत नावं होती, त्यात वर्षालीचं. भाईंनी ती बाईंना दाखवली, बाई ती घेऊन जिना चढून वर आल्या. पंधरा वर्षांतली ही दुसरी वेळ.

"सर, मले पुण्याले जा लागते," बाई म्हणाल्या.

"काहून?"

"पोरीचं नाटक पाहाचं हाये. पुरं पाहाचं हाये. पयल्या रांगेत बसून, डोये उघडे ठेवून."

मी म्हटलं, तिनं बोलावलं आहे का? बाई बाकावर बसल्या आणि तेव्हा त्यांनी तो तुकडा सांगितला.

"त्या रात्री नाटक सरलं तवा मले जाग आली. म्या डोये नाई उघडले, लाज वाटली. वर्षाली स्टेजच्या कोपऱ्यात उभी होती. तिच्यासंगच्या पोरीनं पुसलं, कोण व्हय व ते घोरणारी बाई? तर वर्षाली मने, मले नाई माईत." बाईंनी लुगड्याच्या पदरानं बाकावरची खडूची धूळ पुसली. "तिची चूक नाई जी. त्या वक्ती मले कोणी पुसलं असतं, तर म्या बी असंच सांगतलं असतं. पण मले आता तिथं बसाचं हाये आन् तिनं मले जागी पाहाची हाये. बस, एवढंच."

माझा स्वभाव असा आहे की गहिवरून आलं की मी वेळापत्रक करतो. मी फळा पुसला आणि खडू घेतला.

प्रयोग जानेवारीतल्या एका शनिवारी, रात्री साडेनऊला होता. संपेपर्यंत बारा. ज्या बाईला आठनंतरचं जग माहीत नाही, तिला बारापर्यंत जागं ठेवायचं होतं, तेही अंधारात, मऊ खुर्चीवर, आणि हाताशी तीन आठवडे. धंदा बंद ठेवायचा नव्हता, म्हणजे हर्रासाला दोनला उठणं आलंच. मग झोपेचा मोठा तुकडा काढायचा कुठून? दुपारी बारा ते चार. त्या वेळी राजापेठेत गिऱ्हाईक तुरळक असतं. माझा वर्गही दुपारी रिकामा असतो. बाईंनी वर येऊन सतरंजीवर झोपायचं, चारला उठायचं, संध्याकाळी दुकान, आणि अकरापर्यंत जागायचं. मी फळ्यावर दोन रंगांच्या खडूनं तक्ता काढला.

"आन् बारा ते चार माह्या दुकानावर कोण बसन?" बाई म्हणाल्या.

"मी बसतो ना, बाई," इनायतभाई दारातून म्हणाले. ते कधी वर आले होते कोण जाणे. "दोन हात अल्लानं कायले देल्ले? एका हातानं केळं तोलीन, एका हातानं वांगे."

दोन शपथा बाईंनी माझ्याकडून घेतल्या. एक, वर्षालीला आपण येतोय हे सांगायचं नाही. दुसरी, ही जागरणाची तालीम तर अजिबात सांगायची नाही. "पोरीले वाटन, मायले नाटक पाहाले बी शिकवणी लावा लागते."

पहिला आठवडा भयंकर गेला. दुपारी बाईंना झोप येईना. पडल्या पडल्या खालच्या आवाजांवर त्यांचं लक्ष. भाईंनी कोणाला सांभार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्तात दिला की या वरूनच ओरडायच्या, "भाई, जुडी मोठी हाये ते!" आणि रात्री आठ वाजले की मान खाली. घरी एकट्या असल्या तर झोपणारच, म्हणून मी त्यांना आठच्या बॅचला शेवटच्या बाकावर बसवलं. त्या मेथी निवडत बसायच्या. मी वर्गसमीकरणं शिकवायचो. मान खाली गेली की पुढची पोरं मोठ्यानं "बाई!" करायची आणि बाई दचकून म्हणायच्या, "वीस रुपये पाव!" माझ्या तासाला भलेभले झोपतात हे मला ठाऊक आहे. माझ्या तासाला जी जागी राहील ती कुठल्याही नाटकाला जागी राहील, या हिशेबानं मी ते सगळं सहन केलं.

दुसऱ्या आठवड्यात फरक पडला. दुपारी सव्वाबाराला बाई सतरंजीवर आडव्या झाल्या की पाच मिनिटांत घोरणं सुरू. रात्री दहापर्यंत टक्क जाग्या. तिसऱ्या आठवड्यात तर गंमतच झाली. साडेदहाला क्लास बंद करून मी निघालो तर बाई म्हणाल्या, "सर, एवढ्यात? तुमी लवकर झोपता बा." मला एवढा आनंद विद्यार्थ्याला पैकीच्या पैकी मिळाल्यावरसुद्धा झाला नव्हता.

आता माझा गुन्हा कबूल करतो. मी पहिली शपथ मोडली. मुलीला कळायला हवं, तिनं तयार असायला हवं, असं मला वाटलं. मी वर्षालीला मोबाइलवर लिहिलं, 'तुझी आई शनिवारी रात्रीच्या प्रयोगाला येते आहे. मी कळवलं हे तिला सांगू नकोस.' एका तासानं उत्तर आलं, 'बरं सर.' बस. दोन शब्द. मी त्या दोन शब्दांवर दोन दिवस धुमसत होतो.

दुसरी शपथ मात्र मी इमानदारीनं पाळली. दुपारची सतरंजी, रात्रीची मेथी, यातलं अक्षरही तिला सांगितलं नाही. उलटं केलं असतं तर बरं झालं असतं.

निघायच्या दोन दिवस आधी, बुधवारी, वर्षालीचा निरोप आला. 'शनिवारी येऊ नका. रविवारी दुपारी साडेबाराच्या प्रयोगाला या. पहिल्या रांगेतल्या मधल्या दोन खुर्च्या ठेवल्या आहेत.' मी लगेच फोन केला. मागे तालमीचा गलका चालू होता.

"अगं, शनिवारची तिकिटं काढलीत मी."

"शनिवारी मी नाहीये, सर. बदल झालाय. रविवारी दुपारी या."

"पण काहून?"

"या ना, सर," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

नाटकवाले बेजबाबदार असतात असं माझे वडील म्हणायचे. त्या दिवशी मला ते पटलं. दुपारी साडेबारा! तीन आठवडे घासून घासून मी या बाईला नेमकं त्याच वेळेला झोपायला शिकवलं होतं. सगळं मुसळ केरात. फळ्यावरचा तक्ता मी पुसला नाही, त्याच्याकडे नुसता पाहत बसलो. पहिली शपथ मोडल्याचं कबूल करून बाईंना हे सांगितलं, तर त्या न रागावता शांतपणे म्हणाल्या, "तीन दिवस हायेत ना. फिरवू उलटं." झोप म्हणजे काय कढईतलं धिरडं आहे, की केव्हाही उलटावं? तीन दुपारी भाईंनी त्यांना बळेच दुकानावर बसवून ठेवलं. तिन्ही दुपारी त्या पालकाच्या ढिगावर डोकं ठेवून झोपल्या.

शनिवारी संध्याकाळी पाचला आम्ही ट्रॅव्हल्सच्या गाडीत बसलो. भाईंनी दोन्ही दुकानांची जबाबदारी घेतली आणि वर्षालीसाठी संत्र्यांची थैली दिली. अकोल्याला गाडी थांबली तेव्हा बाईंनी भाकर, ठेचा सोडला, मलाही दिला. मी सांगितलं, आता झोपा, रात्रभर झोपा, म्हणजे दुपारी जाग राहील. त्यांनी प्रामाणिकपणे डोळे मिटले. पण आधी तीन आठवड्यांच्या सवयीनं अकरापर्यंत झोप आली नाही, आणि दोनला इतक्या वर्षांच्या सवयीनं जाग आली. मी उठलो तेव्हा त्या खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. "सर, आता हर्रास सुरू झाला असन," त्या म्हणाल्या.

पुण्यात गजालाच्या घरी आंघोळ, नाश्ता झाला. गजालानं गादी घातली, "काकू, दोन घंटे पडून घ्या." बाई म्हणाल्या, "सकाळी आठ वाजता? बिमार पडली का मी?" आणि त्यांनी तिची पालेभाजी निवडून दिली.

बारा वाजता आम्ही नाट्यगृहात पोचलो. बाईंनी तेच लुगडं नेसलं होतं, चार वर्षांपूर्वीचं, जे त्या रात्रीनंतर कपाटातून निघालं नव्हतं. पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीत त्या ताठ बसल्या. पदराच्या गाठीत हिरवी मिरची होती. झोप आली की चावायची, हा त्यांचा स्वतःचा उपाय. तिसरी घंटा झाली, दिवे गेले, थंड हवा अंगावर आली. मी घड्याळ पाहिलं. साडेबारा वाजून सात मिनिटांनी माणिकबाईंची मान खाली गेली.

मी कोपर मारलं. त्यांनी मिरची चावली. डोळ्यांतून पाणी आलं, आणि पाणी वाहत असतानाच त्यांना पुन्हा झोप लागली. पहिल्या अंकात मी त्यांना अकरा वेळा उठवलं. मागच्या रांगेतल्या बाईंनी मला दोनदा "अहो, त्रास देऊ नका त्यांना" असं सुनावलं. नशीब एवढंच, की वर्षाली पहिल्या अंकात नव्हती. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा बाईंचा चेहरा पाहवत नव्हता.

"सर, हे खुर्ची बरोबर नाई. बसली का झोपली मी."

"चहा घेऊ. दोन कप घेऊ."

"च्यानं काही होत नाई." त्यांनी वळून शेवटच्या रांगेमागच्या भिंतीकडे पाहिलं. "हर्रासात उभ्यानं झोपलेला माणूस पाह्यला का तुमी कदी?"

"नाही."

"मंग मी मागं उभी राहतो."

मी म्हटलं, बाई, तुम्ही आलात कशाला? तिनं तुम्हाला इथे, पहिल्या रांगेत पाहावं म्हणूनच ना? त्या मागच्या अंधारात ती तुम्हाला पाहणार कशी?

बाईंनी पदर खोचला. "तिनं मले पाहावं हे माहं मन होतं. म्या तिले पाहावं हे तिचं असन. दोन्ही होत नसन तर तिचं होऊ द्या," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या. दारावरच्या माणसाशी काहीतरी बोलल्या. त्यानं आधी मान हलवली, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकला. शेवटच्या रांगेमागे भिंतीला पाठ न टेकता त्या उभ्या राहिल्या. चपला काढून हातात घेतल्या, म्हणजे थंड फरशीनं पाय जागे राहतील.

दुसऱ्या अंकात वर्षाली आली. एका न बोलणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची नर्स. चौदा मिनिटांचं काम. आत आली आणि तिची नजर पहिल्या रांगेवर गेली. तिथे मी होतो आणि माझ्या शेजारी रिकामी खुर्ची होती. दुसऱ्या कोणाला कळलं नसेल, पण मी तिला सहावीपासून ओळखतो. एक श्वास तिनं जास्त घेतला. मी हात वर करून मागे दाखवायला लागलो तर मागच्या रांगेतल्या त्याच सुनावणाऱ्या बाईंनी माझा हात धरून खाली केला. वर्षालीनं म्हाताऱ्याला पाणी पाजलं, त्याच्या उशाशी बसली आणि बोलायला लागली. पहिल्या चार वाक्यांनंतर ती माझी विद्यार्थिनी राहिली नाही. मी बाईंचं दुःख विसरलो, प्रवास विसरलो. ती उठून गेली तेव्हा माझा चष्मा ओला होता हे मला नंतर कळलं.

नाटक संपलं, टाळ्या झाल्या, लोक उठले. वर्षाली नर्सच्या कपड्यांतच पायऱ्या उतरून सरळ माझ्याकडे आली.

"गेली ना? झोप आली म्हणून बाहेर जाऊन बसली ना?"

मी मागे बोट दाखवलं. बाहेर जाणाऱ्या गर्दीतून उलट्या दिशेनं, खुर्च्यांच्या पाठी धरत धरत, माणिकबाई येत होत्या. सव्वा तास उभं राहून गुडघे धरले होते. हातात चपला. जवळ येऊन त्या थांबल्या आणि मेथीची जुडी पाहतात तशा त्यांनी पोरीला वरून खाली पाहिलं.

"त्या बुढ्याले पाणी पाजतानी तुहा हात हालला," त्या म्हणाल्या. "बाकी सारं बरोबर होतं."

वर्षाली म्हणाली, "खुर्ची रिकामी दिसली म्हणून हालला."

"मी मागं उभी होती वं, पोरी. बसली असती तं झोपली असती."

"पण दुपारी कशी झोपशील तू? तू दुपारी टक्क जागी असते म्हणून तर मी शनिवारचा प्रयोग आलटूनपालटून हेच काम करणाऱ्या दुसऱ्या मुलीला दिला आणि तिचा दुपारचा मागून घेतला! शनिवारी समीक्षक येणार होते. तरी दिला."

आता माझ्याकडे पाहण्याची पाळी दोघींची होती. मी दुसरी शपथ तिथल्या तिथे मोडली. सतरंजी, तक्ता, शेवटचा बाक, मेथी, सगळं सांगितलं. वर्षाली आधी हसली. मग हसता हसता तिनं आईच्या हातातल्या चपला काढून घेतल्या, खाली बसून त्या आईच्या पायांत घातल्या आणि तशीच, आईचे पाय धरून, रडत बसली. बाई तिच्या डोक्यावर हात फिरवत म्हणत होत्या, "उठ वं, कपडे मयतात, ते नाटकाचे हायेत." मी संत्र्यांची थैली एका हातातून दुसऱ्या हातात घेत उभा होतो. मला भरून आलं होतं आणि तिथे फळा नव्हता.

"तोंड धुऊन येतो, माय. तू बस जरा," वर्षाली म्हणाली.

बाई आपल्या खुर्चीत बसल्या. पहिल्या रांगेतल्या, मधल्या. एवढाच उशीर होता. वर्षाली स्टेजच्या पायरीपर्यंतही पोचली नव्हती आणि मागे घोरणं सुरू झालं. ती वळली. स्टेजच्या कडेवर पाय सोडून बसली आणि आईकडे पाहत राहिली. तोंड धुवायला गेलीच नाही.

एवढ्यात सेट काढायला माणसं आली. एकजण हातोडी घेऊन पुढे आला. "कोण आहेत या? उठवा की त्यांना. पाच वाजता दुसऱ्यांचा प्रयोग आहे इथे."

"माही माय हाये," वर्षाली म्हणाली. पुण्यात, त्या स्टेजवर, आपल्या वऱ्हाडीतच म्हणाली. "रात्री दोनची उठेल हाये. आवाज नोका करू."

त्या माणसानं हातोडी खाली ठेवली, आणि म्हाताऱ्याचा पलंग चौघांनी उचलून अलगद बाहेर नेला.

बाईंनी यातलं काही ऐकलं नाही. अमरावतीला परतल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी जिना उतरून त्यांच्या दुकानावर गेलो आणि त्यांना सांगितलं. कोणी विचारलं, वर्षाली काय म्हणाली, शब्द न् शब्द. त्या सांभारावर पाणी मारत होत्या. हात थांबला. पलीकडे भाईंनी केळी तोलायची थांबवली.

"पुन्ना सांगा, सर," माणिकबाई म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं.